जांभळा घोट

१

'थ्री लेडल्स' रोज सकाळी अकराला उघडायचा आणि अकरा वाजून दोन मिनिटांनी रछपाल कौर आत यायची. दारू तिने जन्मात चाखली नव्हती. पबात येऊन चहा पिणारी इंग्लंडातल्या या अख्ख्या स्मेदिक गावातली ही एकटीच बाई, असं मालक जगीरसिंग सोहल येईल त्याला सांगायचा. त्या गुरुवारीही तिने दार ढकललं, छत्री कोपऱ्यात टेकवली आणि हाक घातली, "सत श्री अकाल, वीरजी!"

एरवी "या बीबी, चहा ठेवतो" असं उत्तर ठरलेलं. आज ते आलं नाही. काउंटरच्या मागून नुसता घोगरा, गुदमरल्यासारखा आवाज आला.

शहात्तर वर्षांचा जगीरसिंग फरशीवर बसला होता. पगडी तिरकी झाली होती, पांढऱ्या दाढीवरून लाळ ओघळत होती आणि दोन्ही हातांनी त्याने गळा आवळून धरला होता. रछपालने स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडून मनजोतला बोलावलं. सून धावत आली, हाताला कांद्याचा वास, हातात सुरी तशीच.

"पापाजी! काय झालं पापाजींना?"

"आधी ॲम्ब्युलन्स. आणि पाणी दे. ओकारी काढायला लावू नकोस."

मनजोत फोनकडे पळाली तेव्हा रछपालचं लक्ष काउंटरवर गेलं. तिथे अर्ध्या पाइंटचा काचेचा ग्लास होता, घोटभर रिकामा. उरलेलं द्रव जांभळं होतं. पिकलेल्या जांभळाचा रस काढावा तसं, गडद आणि चकचकीत.

ॲम्ब्युलन्सच्या माणसाने ग्लास नाकाजवळ नेला आणि झटकन मागे घेतला. "बिअरच्या नळ्या धुण्याचं औषध आहे हे. कॉस्टिक. यांनी हे प्यायलं कसं?"

जगीरसिंगाला घेऊन गाडी गेली. सासऱ्याबरोबर मनजोत गेली. मागे रछपाल एकटीच उरली, आणि तेवढ्यात दारात एक अनोळखी गोरा येऊन उभा राहिला. निळा डगला, हातात बॅग.

"तरसेमसिंग आहेत का? त्यांनी मंगळवारी फोन करून आज दुपारची वेळ दिली होती, मी जरा लवकर आलो. तळघराच्या साफसफाईचं कंत्राट द्यायचंय म्हणाले."

"आज नाही," रछपाल म्हणाली, आणि तिने दाराला आतून कडी घातली.

२

दुपारपर्यंत कौन्सिलच्या आरोग्यखात्यातल्या बाई आल्या, एक हवालदार आला, दारावर 'पुढील सूचनेपर्यंत बंद' असा कागद लागला. तळघरात फार शोधावं लागलं नाही. माइल्ड नावाची काळपट बिअर ज्या नळीतून वर येते ती नळी पिंपापासून सोडवलेली होती आणि तिचं टोक औषधाच्या बादलीत बुडालेलं होतं. वर पंपाचा दांडा ओढला की बिअरऐवजी औषध येणार.

तळघर म्हणजे डेनिस. एकाहत्तर वर्षांचा हा इंग्रज अडतीस वर्षं इथली पिंपं सांभाळत होता आणि वरच्या माळ्यावरच्या खोलीत राहत होता. त्याचा बाप याच पबाचा जुना चालक. साठच्या दशकात त्याने तपकिरी कातडीच्या माणसांना आतल्या बैठकीच्या खोलीत पाऊल ठेवू दिलं नव्हतं. लोखंडाच्या कारखान्यातल्या भट्टीवरून सुटलेल्या जगीरसिंगाला तेव्हा दारातल्या बाकापाशी उभ्याउभ्या प्यावं लागायचं. पुढे धंदा बुडाला, पब जगीरसिंगाने घेतला, आणि म्हाताऱ्याचा मुलगा डेनिस त्याने कामावर ठेवून घेतला. लोकांनी तेव्हा त्याला वेड्यात काढलं होतं.

"बापाचा सूड घेतला लेकाने," जगीरसिंगाचा मुलगा तरसेम हवालदारासमोर बोलून गेला. पंचेचाळिशीचा, धिप्पाड, डोळे रडून लाल झालेले. तो सकाळी नऊलाच माल आणायला घाऊक बाजारात गेला होता आणि साडेअकराला परतला होता. "सूड नसेल तर हलगर्जीपणा. एकाहत्तर वर्षांचा माणूस! मी दहा वेळा सांगितलं, याला आता घरी बसवा. ऐकतंय कोण? दोघं सदान्‌कदा एकमेकांच्या गळ्यात गळा घालून."

डेनिसने मान खाली घातली. तो एवढंच म्हणाला, "नळ्या मी सोमवारी धुतल्या. धुऊन पाणी काढलं, पाणी स्वच्छ आलं, मग पिंप जोडलं. आज सकाळी साडेआठला मी दाताच्या डॉक्टरकडे गेलो, परत आलो तो बाराला. सगळ्या घराला माहीत होतं."

तो खरं बोलतोय, हे रछपालला लगेच जाणवलं. तीस वर्षं तिने कोर्टात आणि पोलीस ठाण्यात पंजाबीचं इंग्रजी आणि इंग्रजीचं पंजाबी केलं होतं. खोटं बोलणारा माणूस गोष्ट सजवतो. डेनिस नुसत्या वेळा सांगत होता.

संध्याकाळी तो तिच्या घरी आला. टोपी हातात चुरगळत उभा राहिला.

"रछपाल, मला तुरुंगात टाकतील गं."

"बस आधी. चहा घे. एक सांग, ते औषध जांभळं का असतं?"

"चुकून कुणी पिऊ नये म्हणून. कंपनीच रंग घालते. ग्लासात आलं की शेंबड्या पोरालाही कळेल."

"मग चाळीस वर्षं पब चालवणाऱ्या माणसाला कसं कळलं नाही?"

डेनिसने कप बशीत ठेवला. "वास येत नाही ना त्याला," तो चाचरत म्हणाला. "भट्टीच्या धुराने नाक गेलंय. आणि पहिला घोट तो गटकन घेतो."

"मी वासाचं नाही विचारलं. रंगाचं विचारलं."

डेनिस चहा तसाच टाकून उठला. "मला नाही सांगता येणार," तो म्हणाला, आणि बाहेर पडताना दार लावायचंही विसरला.

३

शनिवारी सकाळी रछपाल मागच्या दाराने पबात गेली. बंद पबातही मनजोत शेगड्या घासत होती. हात थांबले की विचार येतात म्हणाली.

"आंटीजी, डॉक्टर म्हणतात जीव वाचला. घसा भाजलाय. दोन-तीन दिवस बोलायचं नाही."

"वाहेगुरूची कृपा. वीरजींचा तो मग दे, त्यांच्याजवळ नेऊन ठेवते. आपली वस्तू जवळ असली की बरं वाटतं माणसाला."

भट्टीवरच्या सोबत्यांनी दिलेला जाड कथलाचा मग जगीरसिंग जिवापाड जपायचा. रोज पब उघडताना पंपाशेजारच्या खिळ्यावरून तो काढायचा, माइल्डचा पहिला अर्धा पाइंट त्यात घ्यायचा आणि उभ्यानेच प्यायचा. मग तो खिळ्यावर परत. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही.

"खिळ्यावर नव्हता," मनजोत म्हणाली. "काल सापडला. खालच्या कपाटात, टॉवेलात गुंडाळून, बाटल्यांच्या मागे. मला वाटलं पोलिसांनी ठेवला."

"पोलीस कशाला गुंडाळून ठेवतील?" रछपाल तो मग हातात घेऊन त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, "गुरुवारी सकाळी इथे कोण कोण होतं?"

"मी. हे नऊपर्यंत होते. पापाजी दहापर्यंत वर जपजीचा पाठ म्हणत होते. आणि दहाला नछत्तर अंकल मागच्या दाराने आले, चहा घेतला, काहीतरी पुटपुटत गेले. भांडण झालंय ना त्यांचं."

"कसलं भांडण?"

मनजोतने घासणी जोरात फिरवली. "बुधवारी ते पापाजींना म्हणाले, 'आठवड्याची मुदत देतो, जगीर. मग मी गप्प बसणार नाही.' एवढंच ऐकलं मी. कशाबद्दल ते मला काय माहीत?"

शेवटचं वाक्य तिने जरा घाईने टाकलं. रछपालने ते मनात टिपून ठेवलं.

नछत्तरसिंग गुरुद्वाऱ्याच्या दाराशी जोडे मांडत होता. एकेकाळी जगीरसिंगाबरोबर भट्टीवर काम करणारा आणि त्याच्याहून जास्त पिणारा हा माणूस. पंधरा वर्षांपूर्वी अमृत छकून, म्हणजे खालशाची दीक्षा घेऊन, त्याने दारू सोडली. गुरुद्वाऱ्याच्या समितीचा तो सचिव होता. पबवाल्याला समितीवर घ्यायचं नाही, हा ठरावही त्यानेच मांडला होता. तरी रोज दुपारी पबात येऊन जगीरसिंगासमोर बसायचा आणि पंजाबी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून मृत्यूच्या बातम्यांपर्यंत मोठ्याने वाचायचा. जगीरसिंगाची खोड मोडायला, असं लोक म्हणत.

"मुदत कसली दिली होतीत?" रछपालने सरळ विचारलं.

"भैनजी, तुम्ही कोर्टाच्या बाई. पण हे कोर्ट नाही."

"तिकडे डेनिस तुरुंगात जाईल."

"डेनिस?" म्हातारा ताठ झाला. "डेनिस त्याच्या केसालाही धक्का लावणार नाही. डेनिस नसता तर जगीर दोन वर्षांपूर्वीच पायऱ्यांवरून…" आणि तो एकदम थांबला. जोड्यांची एक जोडी उचलून त्याने उगाच दुसरीकडे ठेवली. "मी वचन दिलंय. मला विचारू नका."

तिघं जण. तिघंही काहीतरी दडवत होते. आणि गंमत अशी, की तिघांच्याही तोंडावर गुन्हेगाराची भीती नव्हती. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाची असते तशी काळजी होती.

घरी परतताना रस्त्यात रछपालला एक जुनी गोष्ट आठवली आणि ती पदपथावर मधेच उभी राहिली. रोज दुपारी सासऱ्याचं ताट ठेवताना मनजोत म्हणायची, "पापाजी, बाराला डाळ, तीनला लोणचं, सहाला रोटी." रछपालने एकदा थट्टा केली होती, "दिवसभर खातच असतात वाटतं म्हातारबुवा!" सगळे हसले होते. मनजोत जरा उशिराने हसली होती.

बारा, तीन, सहा. त्या जेवणाच्या वेळा नव्हत्याच. तो घड्याळाचा काटा होता, ताटात फिरणारा.

ती तशीच वळली आणि हॉस्पिटलच्या बसथांब्याकडे चालू लागली.

४

खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. जगीरसिंग उशांना टेकून बसला होता, डोळे उघडे. रछपाल आत गेली आणि पलंगाच्या पायथ्याशी, त्याच्या अगदी समोर, काही न बोलता उभी राहिली.

त्याने मान जराशी कलती केली, पक्षी करतो तशी. नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली. चेहऱ्यावर ओळखीची रेघही उमटली नाही. नर्स असेल समजून तो वाट बघत राहिला.

पूर्ण एक मिनिट ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "सत श्री अकाल, वीरजी."

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला, आणि दुसऱ्याच क्षणी उतरला. काय झालं ते त्याला कळलं होतं.

"किती दिवस?" तिने खुर्ची ओढत विचारलं. "बोलू नका. बोटं दाखवा."

त्याने दोन बोटं वर केली. दोन वर्षं. मग उशाजवळच्या वहीवर चाचपडत, एकात एक गुंतलेल्या ओळी लिहिल्या. मधोमध डाग आहे. कडेने सावल्या दिसतात. माणूस हलला तर कळतो. तरसेमला सांगू नको. तो मला वर खोलीत बसवील आणि माझा पब जाईल.

"कोणाकोणाला माहीत आहे?"

तीन नावं. डेनिस, मनजोत, नछत्तर. डेनिस गाडी चालवायचा, हात धरून जिने उतरवायचा. पंपांच्या दांड्यांना त्यानेच रबर गुंडाळले होते, माइल्डला एक, लागर नावाच्या बिअरला दोन. ताटात काय कुठे वाढलंय ते मनजोत घड्याळाच्या आकड्यांनी सांगायची. नछत्तर वर्तमानपत्र वाचायचा, आणि आता मुलाला खरं सांग म्हणून मुदत देऊन बसला होता.

रछपाल दोन वर्षं रोज त्याच्यासमोर चहा पीत होती. तिला कळलं नव्हतं. माणसांचा आवाज ऐकून खरंखोटं ओळखणारी म्हणून ती मिरवायची, आणि हा माणूस तिला फक्त आवाजाने ओळखत होता.

"गुरुवारी तुमचा मग खिळ्यावर नव्हता ना?"

त्याने होकारार्थी मान हलवली. लिहिलं, पंपाखाली ग्लास ठेवलेला लागला हाताला. डेनिसने ठेवला असेल वाटलं.

५

रविवारी दुपारी तिने तरसेमला पबात गाठलं. तो रिकाम्या काउंटरमागे उभा होता.

"बस, तरसेम. मी बोलते, तू ऐक. चुकलं तर सांग."

"आंटीजी, डेनिसचं वकीलपत्र घेतलंत काय?"

"ज्याने हे केलं त्याने तीन गोष्टी केल्या. नळी बादलीत घातली. वीरजींचा मग लपवला. आणि पंपाखाली काचेचा स्वच्छ ग्लास ठेवला. तो मग का लपवला? कथलाच्या मगात आतला रंग दिसत नाही. प्यायला घालायचं असतं तर तो मग जागेवरच राहू द्यायचा. जीव घ्यायला आलेल्या माणसाला तो मग हवाच असता. ज्याने तो लपवला त्याला रंग दिसायला हवा होता. वीरजींनी ग्लास भरावा, जांभळं बघावं, संतापावं आणि डेनिसला हाकलून द्यावं. कुणालाही इजा व्हायला नको होती त्याला."

तरसेमने काउंटरवरचा फडका उचलून बाजूला ठेवला. त्याचा हात काउंटरच्या कडेवर घट्ट झाला.

"मंगळवारीच एका कंत्राटदाराला फोन गेला. गुरुवारी दुपारी या, तळघराचं काम द्यायचंय. डेनिस तेव्हा कामावर होता. गुरुवारी दुपारपर्यंत तो नसेल, हे मंगळवारी कुणाला माहीत असणार?"

"तो त्यांना माझ्यापासून तोडत होता!" तरसेम एकदम फुटला. "दोन वर्षं बघतोय मी. बाहेर जायचं तर डेनिस. कागद वाचायचे तर डेनिस. मी खोलीत गेलो की दोघं गप्प. माझा हात धरून कधी चालले का हो ते? त्याच्या हातात हात घालून चालतात. शुक्रवारी ती वरची खोली त्याला जन्मभरासाठी लिहून देणार होते. मी सत्तावीस वर्षं इथे राबतोय, आंटीजी. मला फक्त डेनिस जायला हवा होता. पापाजी ते पितील असं मला स्वप्नातही… जांभळं होतं ते! इतकं जांभळं होतं! त्यांनी प्यायलंच कसं?"

"हाच प्रश्न मनात घेऊन मी तीन जणांकडे गेले," रछपाल म्हणाली. "तिघांनी तोंड लपवलं. कारण तिघांना उत्तर माहीत होतं. ज्याला माहीत होतं त्याने रंगावर भरवसा ठेवलाच नसता. या घरात ते एकट्या तुला माहीत नव्हतं."

"काय माहीत नव्हतं?"

"तुझ्या वडिलांना दिसत नाही, तरसेम. दोन वर्षं झाली."

तरसेम तिच्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर पंपांकडे गेली, दांड्यांवरच्या रबरांवर थांबली. त्याने एक हात पुढे करून माइल्डच्या दांड्यावरून अंगठा फिरवला. काउंटरमागे, जिथे गुरुवारी त्याचा बाप बसला होता तिथेच, तो खाली बसला.

तिथूनच त्याने विचारलं, "मनजोतला माहीत होतं?"

"होतं."

"आणि मला नाही."

रछपालने त्याला पाणी दिलं. उद्या हवालदार वीरजींचा जबाब घ्यायला हॉस्पिटलात जाणार आहे, एवढंच सांगितलं. पुढे काय करायचं ते सांगितलं नाही.

६

सोमवारी जगीरसिंगाला कुजबुजण्यापुरता आवाज आला होता. एवढी वर्षं विलायतेत काढूनही असल्या वेळी त्याला पंजाबीच हवी होती, म्हणून हवालदाराने रछपालला दुभाषी म्हणून बसवलं. तरसेम भिंतीला पाठ लावून उभा होता. रात्रभर झोपला नसावा. दाराशी डेनिस, बाजूला मनजोत.

"गुरुवारी काय घडलं ते सांगा," हवालदार म्हणाला.

जगीरसिंग हळूहळू, घोट गिळत बोलला. "नळी मीच बादलीत घातली. धुवावी म्हटलं. म्हातारपण, विसरलो. डेनिसचा काही दोष नाही. कुणाचाच नाही."

रछपालच्या लक्षात आलं, त्याला सगळं कळलं होतं. नेहमीचा मग जागेवर नाही, हातासरशी ग्लास ठेवलेला; कोणी आणि का, हे चार दिवस उशीवर पडून त्याने एकट्याने जुळवलं होतं. आणि आता एकाच वाक्यात तो डेनिसलाही वाचवत होता आणि मुलालाही.

हवालदार तिच्याकडे बघत थांबला. दुभाष्याने जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगायचं असतं, खरं असो की खोटं. उभ्या नोकरीत तिने त्यात काना-मात्रा बदलली नव्हती. तिने सांगायला सुरुवात केली, "ते म्हणतात, नळी मीच—"

"खोटं बोलतायत ते," तरसेम इंग्रजीत म्हणाला.

सगळे वळले.

"तळघराचे जिने त्यांना उतरता येत नाहीत. माझ्या वडिलांना दिसत नाही. नळी मी घातली. त्यांचा मग मी लपवला. डेनिसला घालवायचं होतं म्हणून." त्याने हवालदाराच्या वहीकडे बोट केलं. "लिहून घ्या. सही कुठे करू ते सांगा."

मनजोतने तोंडावर ओढणी घेतली. डेनिस दारातून दोन पावलं आत आला, त्याने तरसेमकडे बघितलं आणि तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. हवालदाराने वहीचं पान उलटलं.

पुढे खटला झाला, शिक्षा झाली, ती तहकूब ठेवली गेली. परवाना मनजोतच्या नावावर झाला आणि पब सातव्या आठवड्यात उघडला. डेनिस तरसेमशी सहा महिने बोलला नाही, आणि त्याबद्दल त्याला कुणी काही म्हटलं नाही.

पण त्या सोमवारी, हवालदार लिहीत असताना, जगीरसिंगाने पांघरुणातून हात बाहेर काढला आणि तरसेमचा आवाज आला होता त्या बाजूला पुढे केला. दिशा चुकली होती. हात मनजोत आणि भिंत यांच्यामध्ये, जिथे कुणीच नव्हतं तिथे, तरंगत राहिला. मनजोत पुढे सरकणार, तोच रछपालने तिला थांबवलं.

तरसेमने तो हात पाहिला. मग तो भिंतीपासून सुटला, पलंगाला वळसा घालून गेला आणि जिथे हात होता तिथे जाऊन उभा राहिला.